दाढी उतरवत न्यायची असते : ब्रश, ब्लेड आणि वस्तरा वापरणाऱ्यांसाठी धागा

निसणा

घर जागं व्हायच्या आधीची वीस मिनिटं माझी एकट्याची. उठल्या उठल्या ब्रश कोमट पाण्यात उभा करून ठेवतो, तो भिजेपर्यंत आंघोळ उरकतो. बाहेर आलो की आरशावरची वाफ तळहाताने पुसायची, ब्रश दोनदा झटकायचा आणि साबणाच्या वडीवर गोल गोल फिरवायला लागायचं. सुरुवातीचे काही वेढे नुसते बुडबुडे येतात. मग हाताला कळतं की आता धरायला लागलं. खरखर थांबते, ब्रश जड लागतो, केसांच्या टोकांशी दाट पांढरा लगदा जमतो. तोच ब्रश ओल्या गालावर टेकवून, चार-चार थेंब पाणी घेत फिरवला की त्या लगद्याचा फेस होतो. हा ऊबदार फेस गळ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत चढतो तेव्हा खरंच जिवाला बरं वाटतं.

हे सुख मला उशिरा सापडलं. चौदा वर्षं मी चार-पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरलं. डब्यातला तयार फेस, गालावर खसाखसा हात, तोंड धुतलं की मोकळा. गळा कायम लालभडक. कॉलर घासली की चरचरायचं, आणि हनुवटीखाली कातडीत अडकलेल्या केसांच्या पुळ्या. आपली कातडीच नाजूक, असं धरून चाललो होतो.

मग आजोबांच्या सामानात एक सेफ्टी रेझर मिळाला. मुठीच्या तळाशी फिरवायची कळ. ती फिरवली की वरची दोन झाकणं फुलपाखराच्या पंखांसारखी उघडतात, असा. सांध्यांत जुना साबण दगड होऊन बसलेला, कडेने हिरवा कळक. रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, कळीत तेलाचा एक थेंब सोडला. सकाळी कळ फिरवली तर झाकणं आवाज न करता अलगद उघडली. आजही रोज तोच वापरतो.

पहिल्या दिवशी हनुवटी कापली. सवयीने दाबला होता. कार्ट्रिजची मान लवचीक असते, दाब पडला की ती मागे सरते. या रेझरची मान ताठ. दाबलात तर तो केस सोडून कातडी धरतो. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं, हाताने फक्त दिशा द्यायची, हे कळायला मला दोन महिने लागले.

आणि त्याहून मोठी गोष्ट कळली ती अशी, की दाढी एका फटक्यात काढायची नसते, उतरवत न्यायची असते. पहिला हात केस ज्या दिशेला वाढलेत त्या दिशेने. त्यात निम्म्याहून जास्त काम होतं, पण गाल अजून खरखरीत असतो आणि तो तसाच राहू द्यायचा. पुन्हा फेस लावायचा. दुसरा हात आडवा. पुन्हा फेस. मग सोसत असेल तर तिसरा हात उलट दिशेने, खालून वर. दर वेळी खुंट थोडे थोडे खाली येतात. एकाच जागी तोच हात पाच वेळा फिरवून जे आग होऊन मिळतं, ते इथे तीन हलक्या हातांत न दुखता मिळतं.

एकाहून जास्त पात्यांचं गणित वेगळं आहे. १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचा रेझर आणला, त्यामागची कल्पना अशी की पहिलं पातं केस किंचित ओढून बाहेर काढतं आणि तो परत आत जायच्या आधी दुसरं पातं कापतं. म्हणजे केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. पहिले काही तास गाल लोण्यासारखा लागतो, पण ज्यांचे केस जाड आणि वळणदार आहेत त्यांचा तो केस वर येताना वाट चुकतो आणि आतच वाढतो. माझ्या पुळ्या तिथल्या होत्या. एकच पातं केस कातडीच्या लगत कापतं आणि सोडून देतं. माझा गळा सहा आठवड्यांत निवळला.

आणखी एक, ज्याबद्दल कोणी आधी सांगितलं नव्हतं : आवाज. पातळ ब्लेड खुंटावरून जाताना कुरकुर असा बारीक आवाज करतं. पहिल्या हाताला तो मोठा असतो, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला जेमतेम. कोन चुकला की आवाज बंद होतो किंवा ओरखडल्यासारखा होतो. मी आता आरशापेक्षा कानावर जास्त विसंबतो. म्हणून त्या वेळी नळ बंद, रेडिओ बंद.

इथे आणखी कोण कोण ब्रश-साबणाने करतं? सेफ्टी रेझर, वस्तरा, काहीही. सविस्तर लिहा.

शिकाऊ

वाचनखूण साठवली. अगदी वेळेवर धागा काढलात. मागच्या आठवड्यात सेफ्टी रेझर घेतला आणि चार दिवसांत गळ्याची वाट लागली. गाल मात्र छान झाले. कोन नेमका कसा ओळखायचा? सगळीकडे तीस अंश लिहिलेलं असतं, पण आरशात तीस अंश दिसत नाहीत हो. आणि एक ब्लेड किती दाढ्या चालवायचं?

निसणा

शिकाऊ, अंश विसरा. रेझरची टोपी, म्हणजे वरचा गोलसर भाग, गालावर सपाट टेकवा. दांडी गालापासून सरळ बाहेर आलेली असेल. आता टोपी न उचलता दांडी हळूहळू खाली आणत खालच्या दिशेने अगदी छोटा हात मारत राहा. आधी काहीच कापलं जाणार नाही. एका ठिकाणी ती कुरकुर सुरू होईल. तोच तुमचा कोन. आणखी खाली नेलीत तर पातं खरवडायला लागेल. गालाची गोलाई बदलली की दांडीही त्याबरोबर वळवावी लागते, म्हणून हात लांब मारायचा नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा पुरे.

गळ्याचं कारण वेगळं असणार. दोन दिवस दाढी करू नका, मग बोटं गळ्यावर चारी दिशांना फिरवा. ज्या दिशेने बोट अडखळत नाही ती केसांची दिशा. बहुतेकांचे गालावरचे केस खाली जातात, पण गळ्यावर ते वर, आडवे, कुठे कुठे भोवऱ्यासारखे फिरतात. माझे डाव्या बाजूला कानाकडे जातात आणि उजवीकडे सरळ वर. वरून खाली रेझर आणताना मी उजव्या बाजूला पहिल्याच हातात उलटी दाढी करत होतो आणि मला पत्ताच नव्हता. कागदावर चेहरा काढून बाण करून ठेवा.

ब्लेड मी पाच दाढ्या वापरतो. तुम्ही सध्या तिसऱ्यानंतर बदला. ओढल्यासारखं वाटलं की आकडा बघायचा नाही, टाकून द्यायचं. वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कोणाच्या तरी हाताला लागतात. झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्याला फट पाडून त्यात टाकत जा. डबा भरायला वर्षं लागतात, आणि सगळं पोलादच असल्याने तो तसाच भंगारात वितळवायला जातो. कार्ट्रिजमध्ये प्लास्टिक आणि पोलाद एकमेकांत रुतलेलं असतं, ते वेगळं करत कोणी बसत नाही.

पोलादी

आयुष्य पोलादाच्या उष्णतोपचाराच्या भट्टीवर गेलं, त्यामुळे ब्लेडबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपण जे दोन धारांचं ब्लेड सहज फेकून देतो ते जेमतेम ०.१ मिमी जाड असतं. एवढ्या पातळ पट्टीला कडक करायचं, वाकडी होऊ द्यायची नाही आणि वर दोन्ही कडांना धार लावायची, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फार अवघड काम होतं. किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता, धातूचं शिक्षण नाही. त्याला १८९५ च्या सुमारास ही कल्पना सुचली आणि पुढची कित्येक वर्षं ती कागदावरच राहिली. विल्यम निकर्सन या अभियंत्याने पातळ पट्टी कडक करायची आणि तिला धार लावायची यंत्रं जमवली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हे रेझर गेले आणि स्वतःची दाढी रोज स्वतः करायची सवय घेऊनच ती पोरं घरी परतली.

कातडी न कापता दाढी करावी ही धडपड मात्र त्याच्याही आधीची. झाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकातच वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला होता. आपली दाढी आपणच कशी करावी यावर १७६९ मध्ये त्याने पुस्तकही काढलं. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी आडोशाच्या रेझरचं पेटंट घेतलं, पण त्यातलं पातं वस्तऱ्यासारखंच जाड होतं, चामड्याच्या पट्ट्यावर घासावं लागायचं. घासायची गरज नसलेलं, बदलून टाकायचं पातळ ब्लेड ही जिलेट-निकर्सनची करामत.

धार जाते कशी, हेही बघण्यासारखं आहे. केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ. तरी ब्लेड बोथट होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले आणि २०२० मध्ये ते प्रसिद्ध केलं. धार झिजून गोल होण्याऐवजी तिचे बारीक टवके उडताना त्यांना दिसले. केस मुळाशी घट्ट आणि टोकाशी मोकळा, त्यामुळे पातं लागलं की तो वाकतो आणि धारेवर तिरका जोर येतो. पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे टवका निघतो.

यातून मी स्वतःपुरता धडा घेतला : कोरडा केस कधीच कापायचा नाही. पाणी प्यालेला केस फार कमी जोरात तुटतो. दोन-तीन मिनिटं ओला ठेवला तरी पुष्कळ. आणि दाढी झाल्यावर ब्लेड कापडाने पुसायचं नाही. धारेवर लेप असतो, पुसताना तो जातो आणि बोटही जातं. पाण्याखाली धरा, झटका, उभं करून ठेवा.

आडवा_हात

पोलादीकाका, सुरेख प्रतिसाद. टवक्यांचं माहीतच नव्हतं.

मी फेसवाला माणूस. रेझर माझ्याकडे एकच आहे, ब्रश सात. डुकराच्या केसांचा ब्रश नवा असताना राठ आणि वास मारणारा असतो, पण महिना-दोन महिने रोज वापरला की एकेका केसाचं टोक दुभंगतं आणि मग तो गालावर असा मऊ लागतो की बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश वापरणारे गप्प बसतात. बॅजरचा ब्रश पाणी भरपूर धरतो. कृत्रिम धाग्याचा ब्रश भिजवावा लागत नाही, लगेच वाळतो, प्रवासाला उत्तम, आणि प्राण्यांचे केस नको असलेल्यांना आज त्यात काहीच कमी पडत नाही. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

फेस बिघडतो तो नव्वद टक्के वेळा दोनच कारणांनी. एक, साबण कमी घेतला जातो. वडीवर ब्रश निदान अर्धं मिनिट फिरवा, दहा सेकंदांत आटपू नका. दोन, पाणी एकदम ओतलं जातं. पाणी थेंबांनी द्यायचं आणि प्रत्येक वेळी ते पूर्ण मुरू द्यायचं. कोरडा फेस पुठ्ठ्यासारखा मंद पांढरा दिसतो आणि गालावर वाळून चिकटतो. पाणी जास्त झालं तर मोठे बुडबुडे येऊन तो खाली ओघळतो. मधली अवस्था ओळखायची खूण म्हणजे चकाकी. नुकत्या दिलेल्या ऑइलपेंटसारखा ओला उजेड त्यावर येतो. दोन बोटांत घेऊन चोळा, बोटं एकमेकांवरून निसटली पाहिजेत. फेस उंच दिसायला हवा असं काही नाही. कातडी आणि पात्याच्या मधला निसरडेपणा हेच त्याचं काम.

आणि ज्यांचा फेस काही केल्या होत नाही त्यांनी पाणी तपासा. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जोडलं जातं आणि न विरघळणारा चिकट साका होतो. तोच बेसिनच्या कडेला पांढरा थर म्हणून बसतो. तेवढा साबण फेसातून वजा. एकदा डिस्टिल्ड वॉटरने फेस करून बघा. माझ्या हातात दोष आहे असं समजून मी वर्षभर हळहळत होतो, आणि दोष नळात निघाला.

गारवा

दाढीनंतरच्या पाच मिनिटांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गार पाण्याचे सात-आठ हबके. मग ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा फिरवायचा. तुरटी सगळी चहाडी करते. जिथे दाब दिलात, जिथे तोच हात दोनदा फिरवलात, तिथे झोंबते. जिथे हात नीट पडला तिथे नुसतं गार लागतं. मी वहीत टिपून ठेवायचो : डावा जबडा, वरचा ओठ, कंठमण्याच्या बाजूला. महिन्याभरात जागा कमी होत गेल्या. कुठल्याही शिक्षकाने इतकं रोखठोक सांगितलं नसतं.

एखाद मिनिटाने धुऊन टाका, तशीच वाळू दिली तर कातडी ओढते. खडा कोरडा करून ठेवा, नाहीतर पाण्यात बसून झिजतो.

रानजाई

मी या धाग्यावर लिहावं की नाही असं वाटत होतं, पण लिहिते.

बाबांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अस्पष्ट झालं. त्याआधी चाळीस-एक वर्षं ते रोज सेफ्टी रेझरने दाढी करायचे. रुग्णालयात तीन आठवडे होते, तिथे एक दिवसाआड कोणीतरी येऊन कोरड्या गालावर प्लास्टिकचा रेझर फिरवून जायचं. ते मान वळवून घ्यायचे. गालावर चट्टे उठले होते. मला फार लागलं ते.

घरी आणल्यावर मी ठरवलं की त्यांच्याच सामानाने त्यांची दाढी करायची. मला काही येत नव्हतं. आधी स्वतःच्या पायांवर रेझर चालवून कोन शिकले, दोन आठवडे. मग एका सकाळी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला आणि ब्रशने फेस लावायला घेतला. ब्रश गालाला लागल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले. रेझर गालावर टेकवला तेव्हा त्यांनी आपणहून जीभ आतून गालाला लावून गाल फुगवला. ओठाशी आले तर वरचा ओठ दातांवर ओढून धरला. गळ्याशी येताना हनुवटी वर केली, थोडी डावीकडे. मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याला सगळं पाठ होतं, मला फक्त मागे मागे जायचं होतं.

झाल्यावर ते डावा तळहात जबड्यावरून सावकाश फिरवतात. उजव्या कानाखाली माझं नेहमी राहतं. तिथे बोट थांबतं आणि दोनदा टकटक करतं. मी परत फेस लावून तेवढं करते. मग हात खाली जातो. पसंतीची पावती तीच.

त्यांना रक्त पातळ राहण्याचं औषध चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. उलट्या दिशेने कधीच करत नाही, प्रत्येक वेळी नवं ब्लेड, आणि तुरटी हाताशी. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी नक्की करून बघा. घाई नसेल त्या दिवशीच करा.

निसणा

रानजाईताई, दोनदा वाचलं. बरं झालं लिहिलंत. कानाखालच्या जागेसाठी एक सुचवतो : कानाच्या मागची कातडी बोटाने वर आणि मागे ताणून धरा, जबड्याचं हाड ज्या कडेला येतं ती कड सपाट होते. हाडावरून रेझर वळवण्यापेक्षा कातडी सपाट जागी आणणं सोपं जातं. त्यांना सांगा, धाग्यावरच्या सगळ्यांनी नमस्कार सांगितलाय.

भोवरा

थोडा वेगळा सूर लावतो. तिसरा, उलटा हात सगळ्यांनी करावाच असं वाचणाऱ्याला वाटू नये. माझे केस जाड, वळणदार आणि गळ्यावर दोन भोवरे. सात-आठ वर्षं हट्टाने उलटा हात मारला, कारण गाल आरशासारखा घोटून निघाला पाहिजे असं डोक्यात बसलेलं. एक पातं वापरूनही आतले केस व्हायचेच. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उलटा हात बंद केला. आता एक हात दिशेने, एक आडवा, संपलं. बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते, डोळ्यांना काही दिसत नाही. दाढी दिवसाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी वाढते, त्या हिशोबाने संध्याकाळपर्यंत दोन हातवाला आणि तीन हातवाला यांच्यात फारसा फरक उरतही नाही.

निसणा, तुम्ही ‘सोसत असेल तर’ लिहिलंय खरं. मला वाटतं ते वाक्य ठळक करायला हवं.

निसणा

मान्य, शंभर टक्के. मी स्वतः गळ्याला आठवड्यातून दोनदाच उलटा हात देतो.

पोलादी

दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपात वस्तऱ्याबद्दल विचारलं, ते इथेच लिहितो.

वस्तऱ्याचं सगळं शहाणपण त्याच्या पाठीत असतं. पातं पाठीशी जाड आणि धारेशी कागदासारखं, दोन्ही बाजूंनी आतून पोखरलेलं. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणजे धारेचा कोन कारागिराने आधीच ठरवून दिलेला असतो. सोळा-सतरा अंशांच्या आसपास. आपण फक्त सपाट ठेवायचा. रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवख्याने पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश घ्यावा, ओठाच्या वर नाकाशी बसतो.

दगडावर वर्षातून एखाद-दोन वेळा. रोजचं काम चामड्याच्या पट्ट्याचं. आधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर वीस-पंचवीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवरच पालथा करायचा, पाठ उचलून धारेवरून कधीही वळवायचा नाही. मी पहिल्या आठवड्यात धार आधी वळवली आणि नव्या पट्ट्याला करवंदाच्या पानाएवढी चीर पाडली. ती अजून आहे. रोज बोटाला लागते. पट्टा ताणलेला हवा, सैल पट्ट्यावर धार गोल होते. हात बसला की पट्ट्यावर एक भरीव, सारखा आवाज यायला लागतो. माझ्या नातीला तो झोपेतही ओळखू येतो.

चेहऱ्यावर पहिले दोन आठवडे फक्त गाल, बाकी सगळं नेहमीच्या रेझरने. वस्तऱ्याची पाठ कातडीपासून तिच्याच दोन जाडींएवढी उचललेली ठेवायची. मोकळ्या हाताने कातडी ताणायची. आणि धारेच्या रेषेत, आडवं कधीही सरकवायचं नाही. जखम होते ती तशीच. दाढी झाल्यावर धार पूर्ण कोरडी करा, जुनं कार्बन पोलाद रात्रभरात गंजतं.

जुना वस्तरा विकत घेणार असाल तर मुठीकडे नीट बघा. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली की कुजायला लागते आणि तिच्यातून आम्लाची वाफ निघते. पातं मुठीत मिटलेलं असतं, त्यामुळे नेमकं मुठीत झाकलेल्या भागावरच गंज धरतो. अशी मूठ काढून टाकायची आणि बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवायची. पात्याच्या मानेवरचा ठसा वाचा. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरेही उत्तम, बहुधा जड आणि कमी पोखरलेले, राठ दाढीला बरे.

शिकाऊ

काका, वस्तऱ्याचं वाचून अंगावर काटा आला, पण करून बघावंसंही वाटतंय. आधी रेझर नीट जमू दे.

शिकाऊ

धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले.

कागदावर चेहरा काढला, बाण केले. गळ्यावर डावीकडे केस चक्क कानाकडे आडवे जातात, आणि मी तिथे रोज खाली ओढत होतो. ब्रश अर्धं मिनिट, पाणी थेंबांनी, आडवा_हात यांनी लिहिलेली चकाकी परवा पहिल्यांदा दिसली. बाथरूमच्या दिव्याखाली ब्रश धरून बघतच राहिलो. नळ बंद केल्यावर आवाजही ऐकू आला. इतके दिवस तो होता आणि मला ऐकू येत नव्हता.

आज तुरटी फिरवली. गालावर कुठेच झोंबलं नाही. डाव्या गळ्याला नुसतं गार. उजवीकडे जबड्याच्या खाली नाण्याएवढ्या जागेत अजून चरचरतंय. तिथे माझा हात तोंडावरून आडवा येतो आणि मनगट वळतं, कोन हातातून जातो. उद्या ती बाजू दुसऱ्या हाताने करावी म्हणतोय.

निसणा

करा, पण उद्याच ब्लेड लावून नको. दोन दिवस रिकामा रेझर फेसावरून फिरवा, फेस एकसारखा निघतोय का बघा. फेसाचा पट्टा अर्धवट राहिला तर समजायचं दांडी कलते आहे. तिसऱ्या दिवशी नवं ब्लेड, एकच हात, दिशेने. कळवा काय झालं ते.